दारात उभा राहणारा मामा

मामाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी भाच्याचा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. दारावरची बेल कुणी लागोपाठ दोनदा वाजवली, की भाचा पेपरातून मान वर न काढता म्हणतो, "आला बघ." मग मामा आता नाही हे आठवतं, आणि आपण असं म्हणालो म्हणून तो पुन्हा मामावरच चिडतो. अशी माणसं गेल्यावरसुद्धा जिवाला स्वस्थ बसू देत नाहीत.

मामा पोस्टमन होता. नोकरीला लागला तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्याने बटवड्याचंच काम केलं. मध्ये दोनदा त्याला टेबलावर बसायचं काम देऊ केलं होतं, पण बसून माझे पाय सुजतात, असं साहेबांना सांगून तो परत थैली घेऊन बाहेर पडला. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं, की म्हणायचा, फिरतीची नोकरी आहे. ही फिरती म्हणजे तो राहत होता ती गल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या तीन गल्ल्या.

भाच्याचे वडील तो लहान असतानाच गेले. मामा बहिणीला आणि भाच्याला आपल्या दोन खोल्यांत घेऊन आला. त्याबद्दल त्याने कधी एक शब्द काढला नाही आणि भाच्यालाही काढू दिला नाही. भाच्याला चांगलं शिकवलं, खाऊपिऊ घातलं, आजारपणं काढली. भाच्याच्या मनात मामाबद्दल काय आहे, हे भाच्याला ठाऊक आहे. पण मामाबद्दल बोलायला बसलं, की आधी आठवतात त्या त्याने केलेल्या ताप देणाऱ्या गोष्टी. त्याला कोण काय करणार?

शाळेचा पहिला दिवस घ्या. इतरांचे वडील मुलांना फाटकाशी सोडून गेले. मामा भाच्याला हाताला धरून थेट वर्गाच्या दारात घेऊन गेला, बाईंच्या समोर उभं केलं आणि म्हणाला, "ताब्यात घ्या." बाई बरं म्हणाल्या. मामा हलेना. बाईंनी विचारलं, अजून काही? तेव्हा तो म्हणाला, "मिळाला म्हणा, म्हणजे मी मोकळा." बाईंना हसू आवरेना, पण त्या म्हणाल्या, "मिळाला." त्या वर्षी सगळा वर्ग भाच्याला 'पार्सल' म्हणायचा. पुढे वीज कंपनीत मीटर वाचायची नोकरी लागली, तिथे शाळेतला एक सोबती निघाला आणि तिथेही तेच नाव चिकटलं.

मामाचा दुसरा हट्ट म्हणजे तो कुणाच्या घरात जायचा नाही. पोस्टमनचं काम उंबऱ्यापर्यंत, असं त्याचं म्हणणं. उन्हात कुणी पाणी दिलं तर दारातच उभ्याने प्यायचा. आत या म्हटलं, तर पायांकडे बोट दाखवायचा, जणू त्या चपलांनीच त्याला मनाई केली होती. भाच्याचं काम बरोबर उलटं. मीटर म्हणजे लोकांच्या जिन्याखाली, मोरीजवळ, कपाटामागे. मामा त्याला चिडवायचा, "तू लोकांच्या घरात घुसणारा, मी दारातला. दारातल्या माणसाला सगळे हसून बोलतात. आत घुसणाऱ्याला विचार."

नोकरी संपली तरी ही सवय संपली नाही. भाच्याने पुढे गावाच्या दुसऱ्या टोकाला छोटं घर बांधलं, तेव्हा मामाला म्हणाला, चल आता. आई तोवर गेली होती, मामाला एकट्याने राहायचं कारण नव्हतं. मामा म्हणाला, बघू. भाचेसुनेने घराची एक किल्ली त्याला दिली, ओळखू यावी म्हणून तिला लाल लोकरीचा धागा बांधला, आणि सांगितलं, "मामा, हे घर तुमचं आहे. आम्ही नसलो तरी दार उघडून आत बसायचं." मामाने किल्ली दोन्ही हातांनी घेतली आणि खिशात घालून वरचं बटण लावलं.

त्यानंतर दर रविवारी तो यायचा, आणि दर रविवारी बेल वाजवायचा. दोनदा. दार उघडायला वेळ लागला तर पायरीवर बसायचा. एकदा सगळे बाहेर गेले होते, परत येऊन बघतात तर मामा भर दुपारी पायरीवर, डोक्यावर रुमाल, शेजाऱ्यांचा कुत्रा त्याच्या सावलीत झोपलेला. भाच्याचं डोकंच फिरलं. "तुझ्याकडे किल्ली आहे ना मामा?" मामा म्हणाला, "आहे की. जपून ठेवलीय."

सांगा आता. यावर माणसाने काय करावं?

मामा सत्तरी ओलांडून बराच पुढे गेला आणि एक दिवस जिन्यावरून घसरला. हाड मोडलं नाही, पण गुडघा असा सुजला की डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता जिना बंद. दुसऱ्या मजल्यावर एकटं राहायचं नाही. पुढच्या वेळी नशीब असं साथ देणार नाही.  भाच्याने रोज जाऊन मामाची मनधरणी केली. भाचेसून गेली, तिने रागावून पाहिलं. मामा दाद देईना. शेवटी एका सकाळी आपणहून म्हणाला, "येतो. पण चार्ज देऊन येईन."

पोस्टात म्हणे असं असतं. बदली होवो नाहीतर निवृत्ती, ताब्यात जे जे असेल ते पुढच्या माणसाच्या हाती दिल्याशिवाय जागा सोडता येत नाही. भाचा म्हणाला, तुला निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तुझ्या ताब्यात आहे काय? मामाने भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर एक लांब फळी होती, फळीला खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक किल्ली.

या किल्ल्यांची गोष्ट अशी. मामा निवृत्त झाल्यावर वरच्या मजल्यावरची नर्स एकदा किल्ली आत विसरून दार ओढून बसली. कुलूप फोडावं लागलं. मग तिने जादा किल्ली मामाकडे ठेवली, कारण मामा घरीच असायचा आणि मामा हा मामाच होता. ते बघून समोरच्या मास्तरांनी ठेवली. मग इस्त्रीवाल्याने. बघता बघता अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या मामाच्या भिंतीवर आल्या. सगळे त्याला पोस्टमामा म्हणायला लागले. भाच्याला हेही आवडायचं नाही. मामा त्याचा एकट्याचा होता आणि आता ज्याला त्याला मामा म्हणायचा परवाना मिळाला होता.

किल्ल्यांवर नाव नाही, नंबर नाही. किल्लीवर पत्ता लिहिणं म्हणजे चोराला बोलावणं, असं मामा म्हणायचा. मग ओळखायच्या कशा? तर खिळ्यांच्या क्रमावरून. आणि क्रम कसला? मामा ज्या वाटेने टपाल वाटत जायचा, त्या वाटेचा. पहिला खिळा कोपऱ्यावरच्या घराचा, मग उजवीकडे, मग मागच्या बोळातून वळसा, असं. तो क्रम मामाच्या पायांना माहीत होता. इतर कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

सामान हलवायच्या दिवशी भाचा सकाळीच टेम्पो घेऊन आला. मामा खाली तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाईंच्या दारात (दारातच, आत नव्हे) बोलत उभा होता. भाचा वर गेला आणि कामाला लागला. गादी गुंडाळली, भांडी पोत्यात भरली, आणि फळी भिंतीवरून काढताना अडचण नको म्हणून सगळ्या किल्ल्या एका कापडी पिशवीत ओतल्या.

एवढंच केलं त्याने. माणूस सामान भरतो तेव्हा असंच करतो.

मामा कठडा धरून धरून वर आला. त्याने रिकामी फळी पाहिली, मग पिशवी पाहिली. रागावला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "चल. वाटून टाकू."

भाच्याच्या लक्षात आलं, की आता प्रत्येक किल्ली कुणाची हे प्रत्येकाच्या दाराशी जाऊन लावून बघावं लागणार. तो म्हणाला, ठीक आहे, तू बस, मी पटापट फिरतो, ज्या कुलपाला जी लागेल ती. मामाने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने दरोड्याचा बेत सांगितला. मालक घरात नसताना त्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. मालकाने दारात उभं राहायचं, किल्ली स्वतः लावून बघायची आणि मिळाली म्हणायचं. आणि मामा स्वतः बरोबर येणार. गुडघा? गुडघ्याला जिना मना आहे, काम मना नाही.

खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

पहिली नर्स. ती रात्रपाळी करून नुकतीच झोपली होती. डोळे चोळत दारात आली आणि मामा किल्ली परत द्यायला आलाय हे कळल्यावर तिचा चेहरा पडला. माझं काही चुकलं का, असं विचारू लागली. मामाने समजूत घातली. मग तिने पिशवीतल्या किल्ल्या एकेक लावून पाहिल्या. भाचा भिंतीला टेकून उभा. त्याची स्वतःचीही साठी उलटलेली, कंबर बोलत होती.

मग मास्तर. ही मास्तरांचीच, डोळे मिटून सांगतो, असं म्हणत मामाने एक जाड पितळी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. लागली नाही. दुसरी लागली नाही. मास्तरांना वाटलं, मामा त्यांच्यावर कुठल्यातरी गोष्टीवरून रुसून किल्ली परत करतोय, म्हणून ते गेल्या काही महिन्यांत आपण काय काय बोललो याची उजळणी करायला लागले. ते संपेपर्यंत टेम्पोवाला जिना चढून वर आला होता. "मामा येणार आहेत, का नुसती गादी सोडून येऊ?" त्याने भाच्याला विचारलं. भाच्याने त्याला चहाला पाठवलं.

ती जाड पितळी किल्ली इस्त्रीवाल्याची निघाली. म्हणजे, निघाली असं वाटलं. इस्त्रीवाल्याने ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि ओशाळून मान खाली घातली. कुलूप त्याने कधीच बदललं होतं. नवी किल्ली आणून द्यायची राहून गेली, आणि जुनी परत मागायची तर मामांना वाईट वाटेल, म्हणून तो गप्प बसला.

भाच्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे इतकी वर्षं मामा कशाची किल्ली सांभाळत होता?"

मामा मात्र शांत. त्याने ती किल्ली इस्त्रीवाल्याच्या मुठीत बंद केली आणि म्हणाला, "माझ्याकडे किल्ली दिली होती. कुलपाचं त्याचं तो बघेल."

दुपार अशीच गेली. मामा प्रत्येक दाराशी उंबऱ्याबाहेर उभा, प्रत्येक जण आत या, बसा, पाणी घ्या म्हणणारा, आणि भाचा मागे पिशवी धरून. किल्ली परत घ्यायची तर कुणालाच नव्हती. एक आजी तर म्हणाली, मला नको, माझी मी हरवून बसते म्हणूनच तर तुमच्याकडे दिली. पण मिळाली म्हटल्याशिवाय मामा दारातून हलत नव्हता, म्हणून हळूहळू सगळे म्हणाले.

शेवटी जहाजावरच्या माणसाच्या किल्लीपाशी घोडं अडलं. तळमजल्यावरचा हा गृहस्थ बोटीवर नोकरीला होता आणि पुढचे काही महिने येणार नव्हता. मामाने त्याच्या बंद दारावर रीतीप्रमाणे टकटक केली, वाट पाहिली आणि म्हणाला, "मालक बाहेरगावी. मग थांबावं लागेल."

"किती?"

"येईपर्यंत."

भाच्याचा संयम तिथे संपला. त्याने मामाला आयुष्यात कधी बोलला नव्हता इतकं बोलून घेतलं. सकाळपासून टेम्पो उभा आहे, तो माणूस आता भाड्याऐवजी माझी जमीन मागेल. गुडघा बघ, भोपळा झालाय. अरे, या लोकांच्या कुलपांची एवढी काळजी, आणि घरी सून सकाळपासून खोली लावून बसलीय, तिची काही नाही? किल्ली बरोबर घे, तो आला की मी आणून देईन.

मामा म्हणाला, "किल्ली गल्लीबाहेर नेता येत नाही." आणि तिथेच पायरीवर बसला.

आवाज ऐकून शिवणाऱ्या बाई बाहेर आल्या. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या काढून त्या म्हणाल्या, "पोस्टमामा, मी दिवसभर मशीनवरच असते. माझ्याकडे ठेवा. तो आला की त्याच्या हातात देईन, आणि मिळाली म्हणवून घेईन."

मामाने त्यांना नीट न्याहाळलं. त्यांना इतकी वर्षं रोज बघितलं होतं, तरी नव्याने बघितलं. "दुसऱ्या कुणाच्या हातात नाही?"

"त्याच्या आईच्यासुद्धा नाही."

मामाने किल्ली दिली. बाईंनी घेतली. मिळाली म्हणाल्या. मग मामाने भाच्याला वर पाठवून फळी आणायला लावली आणि तीही त्यांनाच देऊन टाकली. भाच्याला पुढे कळलं, की आठवडाभरात नर्स, मास्तर, ती आजी, सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या नेऊन बाईंच्या भिंतीवर लटकवल्या. इस्त्रीवाल्याने तर नव्या कुलपाची दिली.

म्हणजे सगळी पिशवी सकाळीच बाईंना देता आली असती. हे भाच्याने मामाला तेव्हाच ऐकवलं. मामा म्हणाला, "सकाळी त्यांनी विचारलं नव्हतं." संपलं.

पिशवीत तळाशी एक किल्ली उरली होती. भाच्याने ती बाहेर काढली आणि आता ही कुणाची म्हणून डोक्याला हात लावणार, तोच त्याला लाल लोकरीचा धागा दिसला. मामाने तीही इतरांच्या किल्ल्यांबरोबर फळीवरच टांगली होती. धागा तसाच्या तसा होता. किल्लीला एक ओरखडा नव्हता. दुकानातून आणली तशी.

मामाने हात पुढे केला आणि किल्ली त्याच्या हातातून घेतली. मग तीच किल्ली त्याच्यापुढे धरली. "ही तुझी. ही शेवटची. मी आता तिकडेच असणार, तुम्ही घरात असणारच, मला वेगळी कशाला? मिळाली म्हण, म्हणजे मी मोकळा."

भाचा हात पुढे करणार होता. दिवसभराच्या सवयीने तो करणारच होता. पण त्याच्या डोळ्यांसमोर आली ती पायरी, तो रुमाल, तो कुत्रा. ही किल्ली आपण घेतली, तर मामा आपल्या घरी येईल, जेवेल, झोपेल, आणि मरेपर्यंत दारातच उभा राहील. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नाही घेत."

मामाला कळेना. "नाही घेत म्हणजे?"

"म्हणजे घेण्यास नकार. तुमच्या पोस्टात चालतं ना? मालकाने नको म्हटलं तर काय करतात?"

 शिवणाऱ्या बाई टाचण्या हातात धरून उभ्या होत्या. टेम्पोवालासुद्धा हॉर्नवरचा हात काढून बघत होता.

"पाठवणाऱ्याकडे परत जाते," मामा शेवटी म्हणाला.

"आत्ता मला कोण देत होतं?"

मामाने किल्लीकडे पाहिलं. नियम त्याचाच होता, आणि आयुष्यभर त्याने तो दुसऱ्यांना ऐकवला होता. "लेका," तो म्हणाला, "तू मीटर कुठे वाचत बसलास, पोस्टातच यायला हवं होतंस." आणि किल्ली खिशात घालून त्याने वरचं बटण लावलं.

इथे कुणाला वाटेल, की झालं, मामा सुधारला. छे. घरी आला त्या संध्याकाळी टेम्पोतून उतरून त्याने पहिल्यांदा काय केलं असेल, तर बेल वाजवली. दोनदा. भाचा त्याच्या शेजारीच उभा होता. पुढेही तेच. कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करून यायचा आणि बेल वाजवायचा. घरात असूनही पाहुण्यासारखा चपला बाहेर पायरीवर काढायचा. भाचेसून म्हणाली, असू द्या हो, आणि भाचा म्हणाला, असू कसं देऊ, माझा जीव मेटाकुटीला आलाय. दोन वेळा त्याने चपला उचलून आत आणून ठेवल्या. दोन्ही वेळा मामाने त्या मुकाट्याने परत बाहेर नेल्या.

मग एक दिवस भाचा आणि भाचेसून दवाखान्यात अडकली. मामा फिरायला गेला असेल, परत येऊन उन्हात पायरीवर बसला असेल, या विचाराने भाच्याने रिक्षावाल्याला वाटभर छळलं. घरी येऊन बघतात तर पायरी रिकामी. चपला नाहीत. कुत्रा एकटाच पडलेला.  भाचा कोपऱ्यापर्यंत जाऊन आला, शेजारी विचारलं, कुणी मामाला पाहिलं नव्हतं. आता शोधायचं कुठे, जुन्या गल्लीत निघून गेला की काय, असं पुटपुटत त्याने दार उघडलं.

मामा आत खुर्चीवर बसला होता. पंखा चालू, हातात पाण्याचा पेला. चपला आत, कपाटात, भाच्याच्या आणि भाचेसुनेच्या चपलांच्या मध्ये नीट लावलेल्या.

"कुठे होतात इतका वेळ?" मामा वैतागून म्हणाला. "आणि त्या कुलपाला तेल घाला कुणीतरी. म्हाताऱ्या माणसाने किती खटपट करायची? आपल्या घरात शिरायची सोय नाही."

 भाच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. तो तसाच चपला घालून मागच्या खोलीत गेला आणि स्वतःशी चडफडत तेलाची बाटली शोधू लागला.